नरकाचा इशारा नेमका कोणाला दिलेला आहे?

अल्पविराम (धागाकर्ता)

मी पाळक नाही आणि धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षणही घेतलेले नाही. चर्चमध्ये जाणारा, बायबल नेमाने वाचणारा आणि संडे स्कूलमध्ये मुलांचा एक वर्ग घेणारा साधा विश्वासणारा आहे; पुढील लेखन त्याच मर्यादेत वाचावे. काही महिन्यांपूर्वी लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत माणूस आणि दरिद्री लाजर यांची गोष्ट मी वर्गात सांगत होतो. श्रीमंत माणूस मरणानंतर यातना भोगत आहे, दूरवर अब्राहामाच्या उराशी विसावलेला लाजर त्याला दिसतो आणि मध्ये मोठी दरी असूनही अब्राहाम व तो एकमेकांशी बोलतात, इथवर आल्यावर नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, "म्हणजे स्वर्गातल्या लोकांना नरकातल्या लोकांचे रडणे ऐकू येते का? येत असेल, तर ते आनंदात कसे राहतात?" वर्गाची वेळ संपत आली होती, तिचा आधार घेऊन मी तो प्रश्न टाळला. आपण टाळले, हे मुलांना बरोबर कळते.

पुढे वाचू लागल्यावर लक्षात आले की हा प्रश्न मोठ्या माणसांनाही पडलेला होता. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याच्या नावावर असलेल्या लेखनात तो जवळजवळ याच शब्दांत आहे. तिथले उत्तर असे की, स्वर्गातील धन्य जनांना शापितांच्या यातना दिसतात आणि त्यांतून देवाचा न्याय व स्वतःची सुटका ध्यानी येऊन त्यांना आनंद होतो. हे उत्तर त्या मुलीपुढे उच्चारण्याचे धाडस माझ्याने होणार नाही, आणि जे उत्तर मुलापुढे उच्चारता येत नाही त्याविषयी आपणच पुन्हा विचार करावा, असे मला वाटू लागले.

सुरुवात शब्दांपासून केली. आपण बोलताना ज्याला सरसकट "नरक" म्हणतो, त्यासाठी मूळ भाषांत चार वेगळे शब्द आहेत. हिब्रू ग्रंथांतील "शिओल" हा शब्द सुमारे ६५ वेळा येतो आणि त्याचा अर्थ मृतांचे ठिकाण एवढाच आहे. तिथे सज्जनही जातात. योसेफ मेला असे समजून याकोब म्हणतो की मी शोक करीत माझ्या मुलाकडे शिओलात उतरेन, तेव्हा आपला लाडका मुलगा यातना भोगत आहे असे त्याला म्हणायचे नसते. याच शब्दाचे ग्रीक भाषांतर "हेडीज" असे झाले. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने शिओलचे भाषांतर ३१ वेळा नरक, ३१ वेळा थडगे आणि ३ वेळा खड्डा असे केले. संदर्भ पाहून अनुवादकांनी शब्द निवडला खरा, पण वाचणाऱ्याला मूळ शब्द एकच आहे हे कळण्याची सोय राहिली नाही. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात "अधोलोक" आणि "नरक" हे दोन शब्द वेगळे ठेवलेले आहेत, ही मोठी गोष्ट आहे; उपदेश ऐकताना मात्र ते पुन्हा एक होतात. श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या गोष्टीत "अधोलोक" आहे. मीही वर्गात "नरक" म्हणालो होतो.

तिसरा शब्द "तार्तारस". तो क्रियापदाच्या रूपात पेत्राच्या दुसऱ्या पत्रात एकदाच येतो आणि तिथे विषय पाप केलेल्या देवदूतांचा आहे. चौथा आणि खरा महत्त्वाचा शब्द "गेहेन्ना". ही यरुशलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोमाची दरी. तिथे एके काळी मुलांचा होम केला जात असे, योशिया राजाने ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार थांबवला, आणि यिर्मयाने तिला "संहाराची दरी" असे नाव दिले. (येशूच्या काळी तिथे शहराचा कचरा अखंड जळत असे, हे विधान आपण उपदेशांत ऐकतो आणि मीही अनेकदा सांगितले आहे. त्याचा उल्लेख पहिल्यांदा इ. स. १२०० च्या सुमारास दाविद किम्ही या यहुदी भाष्यकाराकडे सापडतो आणि उत्खननातून त्याला दुजोरा मिळालेला नाही. यापुढे मी ते सांगणार नाही.)

आता माझा मुख्य मुद्दा. नव्या करारात "गेहेन्ना" हा शब्द १२ वेळा येतो. मत्तयात ७, मार्कात ३, लूकमध्ये १ आणि याकोबाच्या पत्रात १. या बाराही ठिकाणी बोलणारा कोणाशी बोलत आहे, हे मी वहीत लिहून काढले. डोंगरावरील प्रवचनात समोर शिष्य आहेत आणि भोवती लोकसमुदाय. "आत्मा व शरीर या दोहोंचा नरकात नाश करू शकणाऱ्याला भ्या" हे बारा शिष्यांना पाठवताना सांगितलेले आहे. हात किंवा डोळा अडखळवत असेल तर तो काढून टाका, हे शिष्यांना सांगितलेले आहे. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातील दोन उल्लेख शास्त्री व परूशी यांना उद्देशून आहेत, म्हणजे त्या काळच्या सर्वांत धर्मनिष्ठ लोकांना. याकोब विश्वासणाऱ्यांच्या जिभेविषयी बोलतो. परराष्ट्रीयांना, जकातदारांना, वेश्यांना, शोमरोनी लोकांना येशूने गेहेन्नाची भीती घातल्याचे एकही वचन मला सापडले नाही. उलट रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून तो म्हणतो की पूर्वेकडून व पश्चिमेकडून पुष्कळ लोक येऊन अब्राहामाच्या पंक्तीस बसतील आणि राज्याचे पुत्र बाहेरच्या अंधारात टाकले जातील.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात बाहेरच्या लोकांपुढे केलेली कितीतरी भाषणे आहेत. त्यांपैकी एकातही गेहेन्ना नाही. पौल न्यायाविषयी, क्रोधाविषयी, नाशाविषयी बोलतो, पण हा शब्द त्याच्या एकाही पत्रात येत नाही. आपण मात्र आतल्यांना तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, खात्री देतो आणि बाहेरच्यांना नरकाची. इशाऱ्याची दिशा आपण कधी आणि कशी फिरवली, हा माझा प्रश्न आहे. नरक नाहीच, असे माझे म्हणणे नाही.

तारणाविषयीही दोन शब्द लिहितो. मराठीत "तारण" म्हणजे कर्जासाठी सावकाराकडे ठेवलेली वस्तूही होते, आणि कधी कधी आपली समजूत त्या अर्थाच्या फार जवळ जाते : ख्रिस्ताने हमी दिली, खाते बंद झाले, आता काही उरले नाही. मूळ ग्रीक क्रियापद मात्र रोग बरा होण्यासाठीही वापरले जाते. रक्तस्रावाने पीडित स्त्रीला आणि पापी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीला येशू एकच वाक्य बोलतो, आणि भाषांतरात एकीकडे "बरे केले" व दुसरीकडे "तारले" असे आपण वाचतो. पौलाच्या लेखनात तारण झालेले आहे, होत आहे आणि होणार आहे, असे तिन्ही काळ आढळतात. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे जाहीर केल्यावर "आज या घराला तारण प्राप्त झाले आहे" असे येशू म्हणतो. मृत्यूनंतर काय होईल हा विषय त्या घरात निघालेलाच नव्हता.

जाणकारांनी माझ्या चुका दाखवाव्यात.

पैलतीर

आपण कष्टाने वाचले आहे, हे दिसते. तरी आपण सर्वांत कठीण वचन बाजूला ठेवले आहे असे वाटते. मत्तय २५:४६ मध्ये येशू स्वतः म्हणतो की काही लोक सार्वकालिक शिक्षा भोगण्यास जातील आणि नीतिमान सार्वकालिक जीवन उपभोगण्यास जातील. दोन्हीकडे विशेषण एकच आहे. ऑगस्टीन या धर्माचार्याने पाचव्या शतकात हेच दाखवून दिले : शिक्षा कधीतरी संपते असे म्हणायचे असेल, तर जीवनही कधीतरी संपते असे म्हणावे लागेल. या वाक्यातून सुटण्याचा मार्ग मला दिसत नाही आणि शोधावासाही वाटत नाही, कारण आपल्याला रुचेल ते ठेवायचे व बाकीचे सैल करायचे ही सवय लागली की वधस्तंभाचे कारणही सैल होते. ज्यापासून वाचायचे ते इतके भयंकर नसेल, तर देवाच्या पुत्राने एवढी किंमत का मोजली? शिवाय या दृश्यात सर्व राष्ट्रे सिंहासनापुढे जमलेली आहेत. म्हणजे इशारा केवळ शिष्यांपुरता नाही.

अल्पविराम

पैलतीर, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. ऑगस्टीनचा युक्तिवाद मजबूत आहे आणि त्याचे संपूर्ण खंडन मला करता येत नाही.

दोन गोष्टी मात्र नोंदवतो. "सार्वकालिक" असे ज्याचे भाषांतर होते ते ग्रीक विशेषण "युग" या अर्थाच्या नामावरून आले आहे आणि त्याचा वापर सर्वत्र "कधीही न संपणारे" असा होत नाही. यहूदाच्या पत्रात सदोम व गमोरा या नगरांनी सार्वकालिक अग्नीची शिक्षा भोगली असे म्हटले आहे. तो अग्नी आज जळत नाही, त्याचा परिणाम मात्र कायमचा ठरला. ऑगस्टीन हे सर्व लॅटिनमधून वाचत होता आणि ग्रीक भाषेवर त्याची पकड कच्ची होती, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. एवढ्याने त्याचा युक्तिवाद पडत नाही, फक्त त्याला जेवढा निर्णायक समजला जातो तेवढा तो राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. या वचनाचा आधार घेणारे आपण सगळे त्याच दृश्यातील निकष मात्र सोडून देतो. भुकेल्याला खायला देणे, परक्याला घरात घेणे, तुरुंगातल्याला भेटणे यांवर तिथे निवाडा होतो. विश्वासाची कबुली कोणी विचारत नाही, आणि दोन्ही बाजूंचे लोक निकाल ऐकून चकित होतात. सर्व राष्ट्रे जमलेली आहेत हे खरे, पण हे सांगितले जात आहे ते जैतुनाच्या डोंगरावर एकांतात बसलेल्या शिष्यांना.

तर्कसंगत

मी कोणताही धर्म मानत नाही, तरी चर्चा गांभीर्याने चालली आहे म्हणून लिहितो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या आयुष्यातील चुकांसाठी अंत नसलेली शिक्षा हे कोणत्याही न्यायव्यवस्थेत अन्यायच ठरेल. याला अकराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ अँसेल्मच्या विचारातून उत्तर दिले जाते, की अपराधाचे गांभीर्य ज्याच्याविरुद्ध तो घडला त्याच्या प्रतिष्ठेवर ठरते आणि देवाची प्रतिष्ठा अनंत असल्याने अपराधही अनंत ठरतो. मला हा सरंजामी काळातील न्याय वाटतो : सरदाराला मारलेली थप्पड आणि शेतमजुराला मारलेली थप्पड यांची शिक्षा वेगळी. तुमचा देव स्वतः लहान-मोठ्यांत भेद करीत नसेल, तर त्याच्या न्यायालयात हा नियम कसा?

दुसरे उत्तर स्वातंत्र्याचे. नरकाचे दार आतून बंद आहे, माणूस स्वतःच देवाला नाकारतो आणि देव त्या निर्णयाचा मान राखतो. हे ऐकायला बरे वाटते, पण अपुऱ्या माहितीवर, भीतीत, लहानपणीच्या जखमांसह घेतलेला निर्णय स्वतंत्र कसा? मूल विस्तवात हात घालत असेल तर आपण त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखत उभे राहत नाही.

साक्षीभाव

मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्या परंपरेत हा प्रश्न कसा हलत गेला ते थोडक्यात मांडते. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेतून निघालेल्या फर्मानात म्हटले होते की मूर्तिपूजकच नव्हे तर यहुदी, पाखंडी आणि फुटीर हेही मृत्यूपूर्वी चर्चमध्ये सामील न झाल्यास सार्वकालिक अग्नीत जातील. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीच्या घटनापत्रात म्हटले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान ठाऊक झाले नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून वागण्याचा कृपेच्या बळावर प्रयत्न करतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते. मधल्या काळात, "चर्चबाहेर तारण नाही" या जुन्या सूत्राचा अगदी कडक अर्थ लावून तो सोडण्यास नकार देणारे लिओनार्ड फीनी हे अमेरिकन धर्मगुरू प्रकरण चिघळल्यावर १९५३ मध्ये बहिष्कृत झाले. चर्चबाहेर कोणीच तरत नाही असा आग्रह धरणाऱ्यालाच चर्चबाहेर जावे लागले, हा इतिहासातील विनोद मला नेहमी आठवतो. (पुढे त्यांचा समेट झाला.)

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात नरकाची व्याख्या देवापासून माणसाने स्वतःला निश्चितपणे दूर करून घेण्याची अवस्था अशी केली आहे, आणि त्या वियोगालाच मुख्य शिक्षा म्हटले आहे. तर्कसंगत यांचा स्वातंत्र्यावरचा आक्षेप इथे लागू पडतो, हे मान्य. एक गोष्ट मात्र मला नेहमी धीर देते. चर्चने हजारो व्यक्तींना संत म्हणून घोषित केले आहे, म्हणजे त्या स्वर्गात आहेत असे जाहीर केले आहे. अमुक व्यक्ती नरकात आहे, असे मात्र तिने एकाही माणसाविषयी अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योताविषयीसुद्धा नाही.

उंबरठा

मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरात वाढलो. धाग्यातील "नरक" या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या परंपरेतून हा शब्द मराठीत आला, तिच्यात नरक कायमचा नसतो. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांचे वर्णन आहे आणि ते वाचवत नाही इतके भीषण आहे. पण तेवढे कर्म भोगून संपले की जीव पुढच्या जन्माला जातो. तेव्हा तुमच्या भाषांतरकारांनी हा शब्द घेतला, तेव्हा त्यांनी तात्पुरत्या तुरुंगाचे नाव जन्मठेपेला दिले, असे माझ्यासारख्या वाचकाला वाटते.

त्या मुलीच्या प्रश्नाविषयी. महाभारताच्या शेवटी, स्वर्गारोहणपर्वात, युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तेव्हा त्याला तिथे दुर्योधन वैभवात बसलेला दिसतो आणि आपले भाऊ कुठेच दिसत नाहीत. त्यांच्याकडे नेण्याचा आग्रह धरल्यावर देवदूत त्याला दुर्गंधीच्या, अंधाऱ्या वाटेने नेतो. तिथून परत फिरताना त्याला आवाज ऐकू येतात : थोडा वेळ थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरे वाटते आहे. ते आवाज कर्णाचे, भीमाचे, अर्जुनाचे, द्रौपदीचे असतात. युधिष्ठिर देवदूताला सांगतो की तू परत जा, मी इथेच राहतो. पुढे ती माया होती असे कळते, पण त्याने निर्णय घेतला तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हते. ऐकू येत असेल तर आनंदात कसे राहायचे, याचे आमच्याकडचे उत्तर हे आहे.

अल्पविराम

उंबरठा, तुमच्या प्रतिसादानंतर दोन दिवस मी काही लिहू शकलो नाही.

युधिष्ठिर जे बोलतो त्याच्या अगदी जवळ जाणारी दोन वाक्ये आमच्या शास्त्रातही आहेत आणि मी ती या प्रश्नाशी कधी जोडली नव्हती. लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजण्याचे पाप केल्यावर मोशे देवाला म्हणतो की यांच्या पापाची क्षमा कर, आणि करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझे नाव खोडून टाक. पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात लिहितो की माझ्या बांधवांसाठी मी स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून वेगळा व्हावे, अशीही मी इच्छा केली असती. ज्या पौलाने मागच्याच अध्यायाच्या शेवटी ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही विभक्त करू शकणार नाही असे लिहिले, तोच लगेच हे लिहितो. अक्वायनसच्या नावावरचे ते उत्तर पौलाच्या या वाक्याशेजारी ठेवले, तर दोहोंतील एकच ख्रिस्ती मनाचे वाटते आणि ते कोणते हे मला सांगावे लागू नये.

"नरक" या शब्दाबद्दलची तुमची तक्रार योग्य आहे. गंमत अशी की चौथ्या शतकातील न्यासाचा बिशप ग्रेगरी तुमच्या अर्थाच्या बराच जवळ होता. त्याने आपली थोरली बहीण माक्रीना हिच्याशी तिच्या मृत्युशय्येजवळ झालेला संवाद लिहिला आहे आणि त्यात शिकवणारी ती आहे. ती म्हणते की सोन्यातील हिणकस जाळताना सोन्यालाही आगीत राहावे लागते. किंवा चिखल घट्ट चिकटलेला दोर अरुंद छिद्रातून ओढून काढला तर चिखल खरवडून निघतो आणि दोराला ताण सोसावा लागतो, तसे देव आत्म्याला आपल्याकडे ओढतो तेव्हा होते. वेदना शिक्षा देण्यासाठी नसते, ती ओढण्यातून होते. शेवटी सर्व काही देवाकडे परत येईल, हा विचार ओरिजेन या धर्मशास्त्रज्ञाने त्याच्या आधी तिसऱ्या शतकात मांडला होता. ओरिजेनच्या नावाने चालणाऱ्या मतांचा सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळी, निषेध झाला. ग्रेगरीला मात्र आजही पूर्व व पश्चिम दोन्हीकडे संत मानतात.

पैलतीर

ओरिजेनच्या निषेधाला आपण एका वाक्यात उरकलेत, तिथे मी थांबवतो. सर्वांचे तारण निश्चितच होणार असेल, तर माझ्या आजच्या निर्णयाला काय वजन उरते? आणि एक व्यक्तिगत प्रश्न : आपण यापुढे कोणाला सुवार्ता सांगाल का, आणि कशासाठी?

अल्पविराम

सर्वांचे तारण होणारच, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. अमुकाचे होणार नाही, असे म्हणण्याचाही नाही. पौल तीमथ्याला लिहितो की सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे. देवाची जी इच्छा आहे तीच मी धरली, तर मी फार चुकलो असे होणार नाही.

सुवार्तेविषयी : मी ती सांगतो, कारण ती सुवार्ता आहे. एखाद्याला आगीची भीती वाटली म्हणून तो आपल्याकडे आला, तर आगीची भीती ओसरल्यावर तो का थांबेल, हा प्रश्न उलट मी तुम्हाला विचारीन. आपल्या चर्चमध्येच असे किती जण येऊन गेले, हे आपण दोघेही जाणतो.

करवंद

इथले सगळे नरकाकडे शिक्षा भोगणाऱ्याच्या बाजूने पाहत आहेत. मी दुसऱ्या बाजूने पाहते. ज्यांच्यावर अत्याचार झाले आणि ज्यांना या जगात न्याय मिळाला नाही, त्यांनी काय करायचे? प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून विचारतात, "हे प्रभो, तू कोठवर न्यायनिवाडा करणार नाहीस?" त्यांना कोणी समजावत नाही की तुमचा राग अख्रिस्ती आहे, त्यांना शुभ्र झगे दिले जातात आणि थोडा वेळ थांबायला सांगितले जाते. देवाचा क्रोध हा ज्यांना दुसरे कोणी उरले नाही त्यांचा शेवटचा आधार असतो. सुरक्षित घरात बसून "सगळ्यांना क्षमा होवो" असे म्हणणे सोपे आहे. माझ्या नात्यातील एका मुलीच्या बाबतीत जे घडले ते इथे लिहिणार नाही, पण ज्याने ते केले त्याच्या पंगतीला ती स्वर्गात बसेल, असे मला कोणी सांगू नये.

नवशिका

करवंद यांचा मुद्दा वाचून विचारतो : सार्वकालिक यातना आणि सर्वांचे तारण, एवढे दोनच पर्याय आहेत का? "पापाचे वेतन मरण आहे", "नाश होऊ नये", प्रकटीकरणातील "दुसरे मरण" हे सर्व शब्द संपण्याचे आहेत, भोगत राहण्याचे नाहीत.

साक्षीभाव

नवशिका, तुम्ही म्हणता तो तिसरा पर्याय जुना आहे. इ. स. ३०० च्या सुमारास अर्नोबियस या लेखकाने तसे मांडले होते, आणि १९८८ मध्ये जॉन स्टॉट या अतिशय आदरणीय इव्हँजेलिकल धर्मोपदेशकाने, अंतिम निर्णय न देता, आपला कल दुष्टांचा शेवटी नाश होतो या मताकडे असल्याचे लिहिले तेव्हा त्यांच्याच वर्तुळात मोठी खळबळ झाली. या मताचा कणा असा की आत्मा स्वभावतः अमर आहे ही कल्पना ग्रीक तत्त्वज्ञानातून आली. अमरत्व एकट्या देवालाच आहे, असे तीमथ्याच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. प्रकटीकरण १४:११ मधील "त्यांच्या पीडेचा धूर युगानुयुग वर येतो" हे वाक्य मात्र या मताला अडचणीचे आहे. ते मत मानणारे धूर म्हणजे विझलेल्या आगीची खूण असे उत्तर देतात. मला ते पूर्ण पटत नाही.

अल्पविराम

करवंद, मी माझे काही शब्द मागे घेतो. पहिल्या लेखात मी न्यायाविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही. आपल्या सुरक्षित जागेमुळे ते सुचलेच नसावे, हे मला मान्य केले पाहिजे. सत्य उघड झाल्याशिवाय, केलेले नाव घेऊन सांगितल्याशिवाय आणि केले त्याला ते तिच्या डोळ्यांनी पाहावे लागल्याशिवाय जी क्षमा होते, तिला क्षमा म्हणू नये. सातव्या शतकातील निनवेचा इसाक हा साधू लिहितो की गेहेन्नामध्ये असणाऱ्यांना प्रीतीचे फटके बसतात, आणि ज्या प्रीतीचा आपण द्रोह केला ती कळल्याची वेदना कोणत्याही यातनेपेक्षा तीव्र असते. हे वाक्य मी आजवर सौम्य समजत होतो. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर ते सौम्य वाटत नाही. त्या मुलीने कोणासोबत बसावे, हे ठरवण्याचा हक्क तिच्याखेरीज कोणाला असेल असे मला वाटत नाही, आणि तिला घाई करणारा देव मला शुभवर्तमानात दिसत नाही.

करवंद

एवढे पुरे आहे. धन्यवाद.

उंबरठा

मूळ प्रश्न राहिलाच. संडे स्कूलमधल्या त्या मुलीला शेवटी काय सांगितलेत?

अल्पविराम

गेल्या रविवारी मी तिला सांगितले की त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते म्हणून मी विषय बदलला, आणि अजूनही पूर्ण उत्तर येत नाही. मग आम्ही त्याच्या आधीचा पंधरावा अध्याय काढला. उधळ्या मुलाची गोष्ट सर्वांना पाठ असते, म्हणून मी थेट शेवटाकडे गेलो. घरात मेजवानी चालू आहे, वाद्ये वाजत आहेत, थोरला भाऊ रागावून बाहेर उभा आहे. आतला आनंद बाहेर ऐकू येतो आणि बाहेर कोण आहे हे बापाला कळते. तो मेजवानी सोडून बाहेर येतो आणि त्याची समजूत घालत राहतो.

तिने विचारले, मग तो आत गेला का? मी पुस्तक तिच्यापुढे धरले. तिने पुढचे वाचून पाहिले; तिथे दुसरीच गोष्ट सुरू होते, अन्यायी कारभाऱ्याची. बापाचे बोलणे संपते आणि मुलाचे उत्तर लूकने लिहिलेलेच नाही. इतकी वर्षे हा अध्याय शिकवत असून ते माझ्या लक्षात आले नव्हते. पुढच्या रविवारचा पाठ त्याच ओळीपासून घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे, आणि बाप बाहेर किती वेळ थांबला असेल हे प्रत्येकाने लिहून आणायचे आहे.